आजीची शाळा आणि नातीची प्रयोगशाळा

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



चिटणीसबाईंनी “एका कर्तबगार स्त्रीविषयी चार शब्द बोला” असे सांगितले, तेव्हा माझ्या पोटात गोळाच उठला. मी सातवी शिकलेली. गावात पुढची इयत्ता नव्हती, म्हणून शाळा तिथेच सुटली. आणि बोलायचे ते इलेक्ट्रॉनिक्सच्या एका प्राध्यापिकेविषयी! माझ्या मुलीने त्यांची माहिती वाचून दाखवली, न कळलेले समजावून दिले. तेवढेच तुमच्यापुढे मांडते.

त्यांचे नाव डॉ. राजेश्वरी चटर्जी. जन्म कर्नाटकात, २४ जानेवारी १९२२ चा. त्यांची आजी कमलम्मा दासप्पा म्हणजे म्हैसूर संस्थानातल्या अगदी पहिल्या काही पदवीधर स्त्रियांपैकी एक. पण स्वतः शिकून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. विधवांनी आणि टाकलेल्या बायकांनी शिकावे म्हणून त्या खपल्या, शाळा काढली. त्याच शाळेत नातीचे पहिले शिक्षण झाले.

राजेश्वरीबाईंना गणिताची गोडी. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून त्या एम. एस्सी. झाल्या आणि १९४३ साली तिथल्याच भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या. पुढे सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. १९४७ च्या जुलैत, देश स्वतंत्र होण्याच्या तोंडावर, महिनाभर बोटीचा प्रवास करून त्या अमेरिकेला गेल्या. मिशिगन विद्यापीठात शिकून १९५३ साली डॉक्टर झाल्या. तिथे राहिल्या नाहीत. त्याच वर्षी परत येऊन आपल्या संस्थेत शिकवू लागल्या. तिथलेच प्राध्यापक शिशिरकुमार चटर्जी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोघांनी मिळून सूक्ष्मतरंगांच्या, म्हणजे मायक्रोवेव्हच्या, संशोधनाची प्रयोगशाळा उभी केली.

हे सूक्ष्मतरंग म्हणजे काय? रेडिओच्या काही लहरी शेकडो मीटर लांब असतात. या मात्र वीतभर, बोटभर, त्याहूनही आखूड. अशी आखूड लहर नेमकी एका दिशेला सोडता येते. म्हणून रडार तिच्यावर विमान हुडकते आणि उपग्रहाशी बोलणेही तिच्यावर चालते. आपल्या गच्चीवरची दूरचित्रवाणीची थाळी याच लहरी झेलते. लहर सोडणारे आणि झेलणारे जे साधन, त्याला अँटेना म्हणतात. बाईंचे संशोधन या अँटेनांवर होते.

त्यांच्या हाताखाली वीस विद्यार्थी पीएच. डी. झाले. शंभरावर शोधनिबंध आणि सात पुस्तके त्यांनी लिहिली. १९८२ साली निवृत्त झाल्यावर त्या स्त्रियांच्या प्रश्नांच्या कामात पडल्या, म्हणजे आजीच्याच वाटेला लागल्या. ३ सप्टेंबर २०१० रोजी त्या निवर्तल्या. त्यांची मुलगीही अमेरिकेत विद्युत् अभियांत्रिकीची प्राध्यापिका झाली.

आता घरचे सांगते. माझी मुलगी यंदा दहावी झाली. तिला इलेक्ट्रॉनिक्सची पदविका करायची आहे. “मुलीच्या जातीला यंत्राशी काय करायचे? रोज तासभर बसने कोण पाठवणार?” असे घरात बोलणे झाले. मीही गप्प बसले होते. ही हकीकत ऐकल्यावर मात्र सासूबाईंना म्हटले, “आई, त्या मुलीच्या आजीने शाळा काढली होती. तुम्ही नुसते ‘जा’ म्हणा.” त्या काही बोलल्या नाहीत. पण अर्ज भरायला निघालो त्या सकाळी पोरीचा डबा त्यांनीच भरला.

भगिनींनो, शाळा काढणे आपल्या आवाक्यातले नाही. पण मंडळाची ही खोली भजन आटोपले की कुलूपबंद होते. ज्या मुलींना घरात अभ्यासाला कोपरा नाही, त्यांच्यासाठी ती रोज संध्याकाळी दोन तास उघडी ठेवू या. पाळीपाळीने एकेकीने बसावे. सोमवार माझा.