उतारावर ट्रॉली उभी करताना



भाताची झोडणी उरकली की घोटीच्या भातगिरण्यांकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची ये-जा सुरू होते. आपला इगतपुरी तालुका डोंगराळ. खळं उतारावर, शिवाररस्ताही उतारावर. म्हणून भरलेली ट्रॉली उभी कशी करावी, एवढंच आज पाहू.

१० फुटांत १ फूट उतार असलेल्या जागी ३० क्विंटल भात भरलेली ट्रॉली उभी केली, तर नुसता मालच सुमारे ३ क्विंटलच्या जोराने खाली ओढतो. ट्रॉलीचं वजन वेगळंच. शेजारच्या थळ घाटात रेल्वेचा चढ ३७ फुटांत १ फूट आहे. तेवढ्या चढालाही गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात.

आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ट्रॅक्टर जोडलेला आहे तोवर त्याचाच ब्रेक तिला धरून ठेवतो. पिन काढली की ब्रेक गेला! तेव्हा पुढील क्रम पाळा.

१. जागा सपाट आणि टणक निवडा. भुसभुशीत बांध व नाल्याची कड टाळा.

२. ब्रेकची दोन्ही पायडलं पट्टीने जोडून मगच हँडब्रेक लावा. नाहीतर एकच चाक धरलं जातं. इंजिन बंद करा. तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स टाका. हाय-लो दांडा न्यूट्रलला ठेवू नका. किल्ली काढून घ्या.

३. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंच्या चाकांना, उताराच्या अंगाने, पाचरीसारखे लाकडी ठोकळे लावा. गोल गोटा ओल्या जमिनीवर घसरतो.

४. पिन सहज निघाली पाहिजे. ताठ बसली असेल तर तिच्यावर ताण आहे असं समजा. ठोकून काढू नका. ट्रॅक्टर किंचित पुढे-मागे घ्या. त्या वेळी मधे कोणी उभं राहू नये.

५. दोनचाकी ट्रॉलीच्या दांडीखाली, बैलगाडीला शिपाई लावतो तसा, स्टँड लावा. त्याखाली फळी ठेवा. माल मागे जास्त असेल तर दांडी एकदम वर उसळते. म्हणून मागची पोती आधी उतरवा.

६. हायड्रॉलिक ट्रॉली उचलताना दोन्ही बाजूंची चाकं सारख्या पातळीत हवीत. एक बाजू खाली असेल तर ट्रॉली उलटू शकते. अशा वेळी जागा बदला.

७. निघताना ठोकळे आठवणीने उचला. चाकाखालचा दगड मुंबई-आग्रा महामार्गावर राहिला, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या जिवावर बेततं.

आणि एक. ट्रॉली सुटलीच तर तिला अडवायला आडवे जाऊ नका, चाकाखाली दगड टाकायला धावू नका. ओरडून खालच्या माणसांना बाजूला करा. मुलांना ट्रॉलीच्या सावलीत बसू देऊ नका. सांडलेलं भात पुन्हा भरता येईल, गेलेला माणूस परत येत नाही.

ठोकळे आजच तासून ट्रॉलीला साखळीने बांधून ठेवा.