मंडईतली पाटी



‘शहरातला रोजचा बाजार’ हा विषय आयोजकांनी दिला तेव्हा मी जरा बिचकलोच. पुणेकरांपुढे भाजीबाजारावर बोलायचं म्हणजे धाडसच. इथे बसलेल्या प्रत्येकाला आज सकाळी कोथिंबिरीची गड्डी माझ्यापेक्षा दोन रुपयांनी स्वस्त मिळालेली असणार. तेव्हा अख्ख्या बाजाराला हात घालत नाही. एकाच वस्तूवर बोलतो. पाटीवर.

हसलात ना? दाराबाहेर लावायच्या पाटीवर मी बोलणार नाही. तिच्यावर बोलून बोलून आता तीच कंटाळली आहे. माझी पाटी बांबूच्या कामट्यांची. तळाला ओलं गोणपाट, त्यावर मेथी, आणि डोक्यावर लुगड्याच्या फडक्याची चुंबळ. आता तिची जागा बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकच्या कॅरेटनं घेतली आहे. तरी ‘पाटी लावली’ म्हणजे धंदा सुरू केला, हा बोलण्यातला अर्थ अजून टिकून आहे. मला एवढंच सांगायचं आहे की शहराच्या बाजाराची परीक्षा करायची असेल, तर त्यात पाटीला जागा आहे का ते पाहावं. इमारत कितीही देखणी असू द्या.

देखण्या इमारतीचं उदाहरण तर आपल्या घराजवळच आहे. शुक्रवार पेठेतली आपली मंडई १८८६ साली बांधून झाली. मध्ये अष्टकोनी मनोरा आणि त्यातून फुटलेले लांब लांब हात. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला ‘रे मार्केट’ म्हणत. त्याआधी भाजीचा बाजार शनिवारवाड्यापुढच्या उघड्या मैदानात भरायचा. ऊन असलं तर ऊन, पाऊस असला तर चिखल. छप्पर आलं, ओटे आले, पाणी आलं, हे चांगलंच झालं.

पण हे होत असताना नगरपालिकेतला एक सभासद या खर्चाच्या विरोधात उभा राहिला होता. जोतीराव फुले. १८७६ पासून काही वर्षं ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्यांचं म्हणणं असं, की एवढा पैसा बाजाराच्या इमारतीत घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा. हे बोलणारा माणूस बाजाराला परका नव्हता. फुलांच्या व्यवसायावरूनच त्यांच्या घराण्याला ‘फुले’ हे नाव मिळालेलं. जोतीराव स्वतः बांधकामाची कंत्राटं घेत. म्हणजे इमारतीला किती लागतं आणि भाजीत किती सुटतं, या दोन्हीचा हिशेब त्यांना घरबसल्या कळत होता. ते काही बाजाराच्या विरोधात नव्हते. हा पैसा नेमका कुणासाठी खर्च होतो आहे, एवढंच ते विचारत होते.

इथे आपली भाषा मोठी गंमत करते. जोतीराव ज्या पाटीसाठी भांडत होते ती दगडी, पेन्सिलीनं लिहायची. नगरपालिका ज्या पाटीसाठी छप्पर घालत होती ती बांबूची. शब्द एकच. आणि पुढे इतिहासानं त्यावर कडी केली. आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकारानं या मंडईला महात्मा फुल्यांचंच नाव दिलं गेलं. ज्यानं विरोध केला त्याचंच नाव इमारतीवर! काहींना यात विसंगती दिसते. मला हे नाव अगदी योग्य वाटतं. का, ते शेवटी सांगतो.

आता इमारतीतून बाजारात येऊ. मंडईचा दिवस मंडईत सुरू होत नाही, तो पहाटे गुलटेकडीला मार्केट यार्डात सुरू होतो. घाऊक बाजार तिकडे गेल्याला आता कित्येक वर्षं झाली. नारायणगावचा टोमॅटो, पुरंदरचा वाटाणा, साताऱ्याकडचं आलं, इंदूर-आग्र्याचा बटाटा, सगळं तिथे उतरतं. यार्डाचं गणित वेगळं असतं. फळभाजीचा भाव दहा किलोचा, पालेभाजीचा शेकड्याचा. सोमवारच्या पेपरात आपण ‘आवक वाढली, भाव उतरले’ असं वाचतो ना, ती बहुतेक रविवारची आवक असते. ‘उठाव’, म्हणजे मागणी, नसला तर चांगला मालही पडून राहतो. एकेकाळी व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. शेतकरी बाजूला उभा, आणि त्याच्याच मालाचा भाव त्याला दिसत नसे. बाजार समित्यांनी उघडा लिलाव आणला, तो याचसाठी. पुढे २०१६ साली महाराष्ट्रात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा झाला आणि आडतीचा, म्हणजे दलालीचा, भार शेतकऱ्यावरून खरेदीदारावर गेला. शेतकऱ्याच्या बाजूनं न्याय झाला. पण त्या खरेदीदारांमध्ये पाटीवाली बाईही उभी असते, हे लक्षात ठेवा.

ती तिथे कशी पोचते? आठ-दहा जणी मिळून एक टेम्पो ठरवतात. माल डोळ्यांनी पाहून घ्यायचा, हमालाकडून बाहेर आणायचा, आणि टेम्पोत आपलं पोतं दुसरीच्या पोत्याखाली चेपलं जाणार नाही हे बघायचं. हमालांचं नाव निघालं म्हणून सांगतो. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणारी एक पिढी याच शहरात होती. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं त्यांची संघटना बांधली. १९६९ साली राज्यात माथाडी कायदा झाला आणि अंगमेहनतीच्या या कामाला पहिल्यांदा कायद्याचा आधार मिळाला. आपल्या ताटातल्या भाजीच्या किमतीत ही पाठ धरलेली असते. पावतीवर तिचा आकडा तेवढा दिसत नाही.

सकाळी सात-साडेसातला पाटी लागते. यानंतरचं काम फार जणांनी लक्ष देऊन पाहिलेलं नसतं, म्हणून एकदा मी मुद्दाम पाहिलं. मंडईच्या बाहेरच्या अंगाला एक मावशी बसतात. त्यांच्या शेजारच्या चहावाल्याच्या बाकावर मी तासभर बसून राहिलो. पहिला अर्धा तास त्यांनी एक पैशाचीही विक्री केली नाही. त्या नुसत्या निवडत होत्या. मेथीच्या मोठ्या जुड्या सोडल्या, पिवळी पानं काढली, मुळांची माती झटकली आणि नव्या, लहान गड्ड्या बांधल्या. बांधायला सुतळी नव्हे, केळीच्या सोपाची ओली दोरी. मग टोमॅटोंचे तीन ढीग झाले. आजच खायचे, उद्याचे आणि ‘हॉटेलवाल्याचे’. या तिसऱ्या ढिगातल्या टोमॅटोंना डाग होते, पण आत ते चांगले होते. दुपारी एक पोरगा येऊन ते एकदम घेऊन जातो. पाण्याचा हबका किती मारायचा यालाही माप आहे. कमी पडला तर मेथी माना टाकते, जास्त झाला तर संध्याकाळपर्यंत कुजायला लागते. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात या तीन ढिगांना काय म्हणतात कोण जाणे. मावशी म्हणाल्या, “माल फोडायला आला की धंदा आला.”

तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक आलं आणि घासाघीस करू लागलं. मावशींनी फार ताणलं नाही. “भवानीची वेळ आहे, घ्या,” म्हणून दिलं, आणि नोट कपाळाला लावून गोणपाटाखाली ठेवली. पहिल्या विक्रीला भवानी म्हणणारा हा बाजार आहे. इथे देवीसुद्धा रोखीत येते. पाठोपाठ आलेल्या आजोबांनी वांगी मागितली ती पावशेर. पावशेर! शेर जाऊन साठ वर्षं उलटून गेली. जुना पावशेर दोनशे तेहतीस ग्रॅमच्या आसपास, आजचा अडीचशे. भारत सरकारनं माप बदललं, मंडईनं फक्त वजन बदललं आणि नाव तसंच ठेवलं. वर चार काड्या कढीपत्ता फुकट. तो कुठल्याही मापात बसत नाही, पण तो दिला नाही तर उद्या आजोबा दुसऱ्या पाटीकडे जातील.

हे सगळं गोड वाटतं. म्हणून आता पैशाचं बोलू. पाटीवालीचं भांडवल एका दिवसाचं असतं. पहाटे यार्डात रोख मोजावी लागते. ती हातात नसेल तर सावकार असतोच. सकाळी नऊशे हातात द्यायचे आणि संध्याकाळी हजार परत घ्यायचे, ही पद्धत कित्येक बाजारांत रूढ आहे. दिवसाला शंभर. वर्षाच्या व्याजाचा दर काढायला बसाल तर गणकयंत्र लाजेल. त्यावर बायकांनी आपल्यापुरता शोधलेला तोडगा म्हणजे भिशी. दर आठवड्याला ठरलेली रक्कम टाकायची, आणि जिचा नंबर लागेल तिच्या पोरीची फी भरली जाते किंवा घराचा पत्रा बदलला जातो. २०२० मध्ये केंद्रानं पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजना आणली, तेव्हा पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं. रक्कम लहान वाटेल. पण दिवसाला शंभर मोजणारीला विचारा, दहा हजारांत सावकाराचे किती दिवस वाचतात ते.

आता माझा मुद्दा. शहरात नव्यानं आलेल्या माणसाला कुठलंही दार ठोठावायचं तर आधी कागद लागतो. नोकरीला दाखला, दुकानाला पागडी किंवा डिपॉझिट, रिक्षाला परमिट. पाटीला काय लागतं? दोन हात, एका दिवसाचं भांडवल आणि बसायला चार फूट जमीन. नवरा गेलेली, गाव सुटलेली, वाचता न येणारी बाई दुसऱ्या दिवशी सकाळी धंद्याला बसू शकते अशी जागा शहरात दुसरी कुठली आहे? आपण बाजाराकडे गिऱ्हाइकाच्या नजरेनं बघतो आणि स्वस्त, ताजं, स्वच्छ एवढंच मोजतो. ही सोय तर आता मोबाइलवरही होते. कोथिंबीर दहा मिनिटांत दारात येते. मला त्याचा राग नाही, पाय दुखतात तेव्हा मीही मागवतो. पण त्या मोबाइलमध्ये पाटी लावायला जागा नाही. तिथे माल विकायचा तर गोदाम हवं आणि गोदामाला भांडवल हवं.

मोबाइलचं दुसरं रूपही सांगायला हवं, नाहीतर मी एकांगी ठरेन. क्यूआर कोडचं कार्ड आज जवळजवळ प्रत्येक पाटीला टेकवून ठेवलेलं दिसतं. पैसे आल्याचं यंत्रच मोठ्यानं ओरडून सांगतं, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या बाईचीही फसवणूक टळते. सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणं संपली. जो बदल पाटीवालीच्या हातात मावतो, तो ती कुणी न शिकवता उचलते.

मावत नाही ती जागा. देशातल्या कुठल्याही शहरात जा, अतिक्रमणाची गाडी आली की गल्लीत आधी शिट्टी वाजते आणि क्षणात पाट्या उठतात. चालायला पदपथ हवा, ही मागणी खोटी नाही. मी स्वतः पदपथावरूनच चालतो. या दोन गरजांची सांगड घालायला २०१४ साली संसदेनं पथविक्रेत्यांचा कायदा केला. त्यात काय आहे? दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, आणि ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवायचं नाही. नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांमधून निवडून यावेत, त्यांत एक तृतीयांश बायका असाव्यात. आणि लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना शहरानं सामावून घ्यावं. पुण्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत एकतीस लाखांवर होती. तिचे अडीच टक्के म्हणजे अठ्ठ्याहत्तर हजार. बाजारात तुरी म्हणतात तसं हे आहे. कायदा झाला, आता शहराच्या नकाशात ती जागा दिसायला हवी.

मघाशी कबूल केलं होतं, मंडईला फुल्यांचं नाव योग्य का ते सांगेन. शाळेच्या पाटीपर्यंत ज्यांना समाजानं पोचू दिलं नाही, त्यांतल्या कितीतरी जणींनी दुसरी पाटी डोक्यावर घेतली आणि तिच्या जोरावर आपल्या पोरांच्या हातात पहिली पाटी दिली. मघाच्या त्या मावशींची धाकटी मुलगी आज परिचारिका आहे. तिची फी भिशीतून गेली. जोतीरावांना शिक्षणाचा निधी हवा होता. नगरपालिकेनं तो दिला नाही, पण त्याच इमारतीच्या सावलीत बसून या बायकांनी तो गड्डी-गड्डीनं उभा केला. म्हणून दारावर जोतीरावांचं नाव शोभतं. पण त्यांचा प्रश्न अजून उभाच आहे. हा पैसा नेमका कुणासाठी?

सप्टेंबर २०२४ पासून मंडईच्या पोटात भुयारी मेट्रोचं स्थानक आहे. उद्या आणखी आराखडे येतील. सुशोभीकरण, बहुमजली मार्केट, वाहनतळ. पेपरात त्यांची रंगीत चित्रं छापून येतील. झाडं असतील, सरकते जिने असतील, हातात हात घालून चाललेली जोडपी असतील. त्या दिवशी माझी एक विनंती लक्षात ठेवा. चष्मा लावून ते चित्र नीट पाहा आणि त्यात पाटी कुठे ठेवली आहे ते शोधा. सापडली नाही, तर हरकत नोंदवायची मुदत संपायच्या आत एक पोस्टकार्ड टाका. पाट्या लिहिण्यात आपला हात कुणी धरणार नाही. ही एक पाटी पाटीवालीसाठी लिहा.