माथ्यावरचा पाऊस कोण मोजतो?



सांगलीत उभं राहून पावसावर बोलायचं तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलापासूनच सुरुवात करावी लागते. ऑगस्ट 2019 मध्ये तिथं पाणी 57 फुटांवर गेलं. त्या दिवसांत जो भेटेल तो एकच विचारायचा, "वर किती पडतोय?" आम्ही कोयना, नवजा, महाबळेश्वर असे तीन आकडे सांगायचो. पावसाळ्यात सातारा-सांगलीतल्या घराघरांत हे तीन आकडे रोज वाचले जातात. पण सांगली-कोल्हापूरला बुडवणारं पाणी वारणा, पंचगंगा आणि कोयनेच्या माथ्यावरच्या शेकडो ओढ्यांतून उतरतं, आणि त्यातल्या बहुतेक ओढ्यांच्या उगमाजवळ माप नाही.

कृष्णेचं खोरं 2,58,948 चौरस किलोमीटरचं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या निम्मासुद्धा नाही, आणि शंभर किलोमीटरच्या आत दहिवडीला पोचलात की पाचशेवर समाधान मानायचं. पावसाचा इतका उतार असलेल्या खोऱ्यात सरासरी काढणं जोखमीचं असतं. म्हणूनच आपल्या भारतीय मानकांत सपाटीवर 520 चौरस किलोमीटरमागे एक केंद्र चालतं, पण अतिपावसाच्या डोंगरात 130 चौरस किलोमीटरमागे एक हवं, असं सांगितलं आहे.

आता महावेध प्रकल्पामुळे महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं आली. राज्यात ती दोन हजारांच्या वर आहेत. हे मोठं काम झालं, त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण ही केंद्रं महसुली नकाशावर बसली, पावसाच्या नकाशावर नाही. मंडळाचं गाव बहुधा खाली, रस्त्यालगत असतं. पाऊस अडतो तो वर, कड्याला. नेहमीच्या पर्जन्यमापकाचं तोंड 200 चौरस सेंटिमीटरचं असतं. तशी दोन हजार तोंडं शेजारी-शेजारी मांडली तर 40 चौरस मीटर जागा भरेल, म्हणजे आपलं हे व्यासपीठ. एवढ्या तोंडांनी अख्ख्या राज्याचा पाऊस सांगायचा, तर प्रत्येक माप कुठं बसवलं यालाच सगळं महत्त्व आहे.

आणि हा प्रश्न पुरापुरता नाही, पिकाच्या भरपाईचाही आहे. चोवीस तासांत मंडळात 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी धरली जाते. मंडळातल्या एका टोकाच्या शिवारात बांध फुटून सोयाबीन वाहून जातं आणि मंडळाच्या मापात 50 भरतात. तो शेतकरी कागद घेऊन आपल्यासमोर उभा राहतो तेव्हा त्याला काय सांगायचं, हे मला नोकरीच्या अखेरपर्यंत सुचलं नाही.

एक प्रसंग सांगतो. एका केंद्राची जुलैभराची नोंद शून्य आली होती. शेजारच्या दोन्ही केंद्रांवर पाऊस कोसळत होता. मी स्वतः गेलो, झाकण काढलं. गाळणीच्या भोकात कुंभारमाशीनं चिखलाचं घर बांधलं होतं. वर चार बोटं पाणी साचलेलं, आत पाऊस मोजणारी छोटी बादली कोरडी ठणठणीत. काडीनं माती काढली आणि बादली टकटक करत पलटायला लागली. महिनाभर ते शून्य कुणाला खटकलं नव्हतं, कारण ते यंत्रानं पाठवलं होतं. पूर्वी तिथं माणूस होता. सकाळी साडेआठला भर पावसात मोजपात्र डोळ्यांसमोर धरून तो आकडा वहीत लिहायचा. आंब्याची फांदी मापावर झुकली तर तोच कळवायचा. यंत्र आलं आणि त्याचं मानधन बंद झालं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की यापुढची केंद्रं पाणलोट आणि उंची बघून बसवा. वारणेच्या उगमाकडचं पाथरपुंज आता आपल्याला ठाऊक झालंय, कारण तिथं मोजायला सुरुवात झाली. अशी न मोजलेली पठारं अजून आहेत. 22 जुलै 2021 च्या सकाळपासून चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच सुमारास पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी घरांवर आल्या. अशा उतारावरच्या वस्तीला वेळेत हलवायचं असेल, तर डोंगरावरचाच तासातासाचा आकडा हातात हवा, तोही रात्री दोन वाजता. आणि जुनी साधी मापं मोडीत काढू नका. यंत्राशेजारी ती राहू द्या, निरीक्षकाला पोटापुरतं मानधन द्या. साठ-सत्तर वर्षांची सलग नोंद एकदा तुटली की ती कोणत्याच निधीतून पुन्हा उभी करता येत नाही.

दुपारच्या सत्रात मागच्या भिंतीवर खोऱ्याचा मोठा नकाशा लावलेला असेल, शेजारी टाचण्यांची डबी. आपापल्या भागातली बंद पडलेली केंद्रं लाल टाचणीनं दाखवा, आणि जिथं माप हवं तिथं हिरवी टोचा. सुरुवात निरीक्षकांनी करावी, अभियंत्यांनी त्यांच्यानंतर यावं.