जमिनीखालचे वायूचे कोठार

आपल्याकडे पूर्वी धान्य जमिनीखाली पेवात साठवीत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर प्रसिद्धच. पेव उघडले, की जाणता माणूस एकदम आत उतरत नसे. आधी कंदील खाली सोडायचा. तो विझला, तर आपण वरच थांबायचे! पेव एकदाच खणतात. कंदील मात्र दर वेळी सोडावा लागतो. आज एका फार मोठ्या पेवाची हकीकत सांगायची आहे. ते आहे अमेरिकेत, आणि त्यात हळद नव्हे, तर जळाऊ वायू भरलेला असतो.

थंड मुलुखात घरे उबदार ठेवायला हिवाळ्यात वायू फार लागतो, उन्हाळ्यात कमी. म्हणून उरलेला वायू जमिनीखाली दाबून ठेवतात. कुठे? बहुधा तेल किंवा वायू उपसून झालेल्या जुन्या क्षेत्रांत. तिथे मोठी गुहा असते असे समजू नका. स्पंजात पाणी मुरावे तसा वायू खडकाच्या बारीक छिद्रांत मुरतो आणि वरचा घट्ट खडक झाकणाचे काम करतो.

अशा कोठाराला परवानगी देताना सरकारने काय पाहावे? झाकण अभंग आहे ना? जुन्या विहिरी नीट बुजवल्या आहेत का? दाब किती ठेवणार? पिण्याच्या पाण्याला धोका नाही ना? आणि शेजारच्या लोकांचे म्हणणे ऐकले का?

लॉस एंजलिसजवळ आलिसो कॅन्यन नावाचे असे कोठार आहे. तिथली एक विहीर १९५३ साली तेलासाठी खणलेली. पुढे १९७०च्या दशकात तीच वायूसाठी वापरात आली. २३ ऑक्टोबर २०१५ रोजी तिला गळती लागल्याचे कळले. ती थांबायला फेब्रुवारी २०१६ उजाडला. सुमारे ९७ हजार टन मिथेन हवेत गेला. खालच्या पोर्टर रँच वस्तीत लोकांची डोकी दुखू लागली, नाकातून रक्त येऊ लागले. हजारो कुटुंबांना घर सोडून राहावे लागले. आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून अधिक उष्णता धरून ठेवतो!

यात दोष खडकाचा नव्हता. झाकण शाबूत होते. विहिरीचा पोलादी नळ बाहेरून भूजलाच्या संपर्काने गंजला आणि फुटला, असे २०१९च्या चौकशी अहवालात निघाले. वायू बाहेरच्या नळातूनही खेळत होता. म्हणजे खडकापासून हवेपर्यंत आड एकच भिंत. खोलवरची सुरक्षा-झडप तर १९७९ सालीच काढली होती. तिथल्या इतर विहिरींचे नळही पूर्वी गळले होते, पण कारणाच्या मुळाशी कोणी गेले नाही.

त्यानंतर कायदे बदलले. २०१६ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने अशा कोठारांसाठी प्रथमच सुरक्षा-नियम काढले. कॅलिफोर्नियानेही दुहेरी अडसर आणि नळांची ठराविक मुदतीने तपासणी सक्तीची केली.

आपल्या देशातही विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथे खडकांतल्या गुहांत कच्चे तेल साठवतात. तेव्हा गोष्ट परक्याची म्हणून सोडून देऊ नका. आपल्या गावाजवळ असे काही येणार असेल आणि जनसुनावणी भरली, तर अवश्य जा. ‘परवानगी मिळाली का?’ एवढेच विचारून परतू नका. ‘दर वर्षी कंदील कोण सोडणार, आणि तो विझला तर आम्हांला कोण सांगणार?’ हेही विचारा.