पोकळ झाड आणि रानपिंगळा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



रानपिंगळा नावाचं छोटं घुबड आहे. १८८४ नंतर ११३ वर्षे ते कुणा अभ्यासकाला दिसले नाही, संपले असेच धरून चालले होते. १९९७ साली शहाद्याजवळ, सातपुड्याच्या जंगलात ते सापडले. पुढे मेळघाटातही आढळले.

हा पक्षी जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. ढोली तयार व्हायला फांदी मोडावी लागते, गाभा कुजावा लागतो, कित्येक वर्षे जातात. लाकूड मोजणाऱ्याच्या वहीत मात्र असले झाड निकामी! ते तोडा, सागाला जागा करा, हा हिशेब इंग्रज अमदानीपासूनचा. १९७४ साली राज्यात वनविकास महामंडळ झाले, त्यानेही मिश्र जंगल तोडून सागाच्या रांगा लावल्या. रांगा हिरव्याच दिसतात हो, पण एका वयाच्या तरण्या झाडांना ढोली कुठली? धनेश, पोपट, उडणारी खार, सगळ्यांचीच पंचाईत.

बोल मात्र मोळीवाल्या बाईला लावतात. ट्रक भरून जातो तो तिचा असतो काय? ‘जुने ते निकामी, जागा मोकळी करा’ हे बोलणं आम्हा गिरणी कामगारांच्या चांगलं ओळखीचं आहे.

आमची मागणी एवढीच, की तोडीच्या झाडांवर हातोड्याची खूण मारताना ढोलीचे झाड सोडावे, वाळलेले असले तरीसुद्धा.