विस्मृतीचे कोडे आणि मुके प्राणी

(न्यासाच्या महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सव हा आठवणींचा दिवस. अशा दिवशी मी विस्मरणावर बोलणार, याबद्दल आपण क्षमा करावी. परंतु वर्षानुवर्षे मिलिटरी महादेवाच्या दर्शनाला जाणारे एखादे आजोबा एके दिवशी कॅम्पातल्याच ओळखीच्या रस्त्यावर थबकतात आणि "माझे घर कोठे?" म्हणून विचारू लागतात. घरची मंडळी लाजेने ती गोष्ट झाकून ठेवतात. शेजारी "साठी, बुद्धी नाठी" म्हणून मोकळे होतात. या म्हणीने आपल्या वडीलधाऱ्यांवर फार अन्याय केला आहे, हे मला आज सांगावयाचे आहे. माझे साक्षीदार आहेत माकडे आणि उंदीर.

माणसाच्या रोगासाठी जनावराकडे जाणे आपल्या गावाला नवे नाही. टिळकवाडीच्या ज्या आवाराला आपण अजून व्हॅक्सिन डेपो म्हणतो, ते नावच देवीच्या लसीची आठवण देते. ती लस त्या काळी वासरांच्या अंगावर वाढवीत असत.

स्मृतीच्या शोधाची सुरुवात मात्र एका माणसापासून झाली. 1953 साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या 27 वर्षांच्या तरुणाच्या मेंदूवर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. कानशिलाच्या आत दोन्ही बाजूंना हिपोकॅम्पस नावाचा भाग असतो. त्याचा बराचसा अंश काढला गेला. झटके कमी झाले, पण नवी आठवण टिकणे बंद झाले. भेटून गेलेला मनुष्य थोड्या वेळाने पुन्हा आला, तर तो त्यास नवखाच वाटे. तथापि ब्रेंडा मिल्नर या विदुषींनी एक चमत्कारिक गोष्ट टिपली. आरशात पाहून आकृती गिरविण्याचे काम त्यास दिले, तेव्हा दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. आपण हे पूर्वी केले आहे, याची मात्र त्याला आठवण नसे!

आता हेच माकडांत पाहावे म्हणून शास्त्रज्ञांनी प्रयत्न केले, आणि बरीच वर्षे ते फसले. मेंदूचा तोच भाग काढला तरी माकडे शिकविलेले बिनचूक करीत. चूक माकडांची नव्हती, परीक्षेची होती. रोज तेच तेच घोटून घेतलेले काम ही सवय असते, आणि सवयीचे घर मेंदूत वेगळे आहे. 1978 साली मॉर्टिमर मिश्किन यांनी प्रश्न बदलला. एक वस्तू एकदाच दाखवावयाची, आणि थोड्या वेळाने तीच वस्तू दुसऱ्या नव्या वस्तूशेजारी ठेवून नवी कोणती ते ओळखावयास लावावयाचे. आता मात्र ज्यांच्या हिपोकॅम्पसला व त्याच्या शेजारच्या भागाला इजा झाली होती ती माकडे चुकू लागली.

उंदरांनी आणखी एक गोष्ट उलगडली. 1971 साली जॉन ओकीफ यांना उंदराच्या हिपोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या की ज्या विशिष्ट जागी गेल्यावरच जाग्या होतात. जणू मेंदूतला गावाचा नकाशाच. या कामाबद्दल 2014 साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पुढे रिचर्ड मॉरिस यांनी गढूळ पाण्याच्या हौदात बुडता चौथरा ठेवला. निरोगी उंदीर भोवतालच्या खुणांवरून त्याची जागा लक्षात ठेवतो. हिपोकॅम्पसला इजा झालेला उंदीर भिरभिरत राहतो. पण चौथरा पाण्यावर दिसू लागला की तोही सरळ तेथे पोहोचतो. अल्झायमरच्या रोगात हाच भाग फार लवकर झिजू लागतो. आपले आजोबा वाट का चुकतात, याचे उत्तर येथे आहे. त्यात हट्ट नाही, वेड नाही, आणि निव्वळ वयाचा दोषही नाही.

मग उंदरांवरून औषध का सापडत नाही? उंदराला आपणहून हा रोग होत नाही. माणसाचे सदोष जनुक घालून तो आणावा लागतो, आणि तोही अर्धामुर्धा. 1999 साली अशा उंदरांत एक लस गुणकारी ठरली. माणसांवरची तिची चाचणी मेंदूला सूज येऊ लागल्याने 2002 साली थांबवावी लागली. 2012 साली हरियाणातील मानेसर येथील संशोधकांनी अश्वगंधेच्या अर्काने अशा उंदरांची स्मृती सुधारल्याचे प्रसिद्ध केले. संशोधन मोलाचे आहे. परंतु त्यावरून बाटली विकत घेऊन वडिलांना पाजणे शहाणपणाचे नव्हे. उंदीर बरा झाला म्हणजे माणूस बरा झाला असे होत नाही.

औषधाची वाट पाहत असताना आपण काय करावे? पहिले, विसरणे वाढताच डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडचा विकार, ब-12 जीवनसत्त्वाची उणीव, मनाची उदासी यांनीही स्मृती मंदावते, आणि त्यांवर उपाय आहेत. दुसरे, माकडांनी शिकविलेला धडा गिरवावा: आठवण गेली तरी सवय पुष्कळ काळ टिकते. ज्या आजींना सकाळी काय जेवलो ते आठवत नाही, त्या हरिपाठ म्हणतात, भाकरी थापतात. ते काम त्यांच्या हातून काढून घेऊ नये. चष्मा, तांब्या, काठी रोजच्या जागीच असावी. दिनक्रम मोडू नये. "आठवत कसे नाही?" असे विचारून परीक्षा घेऊ नये. तिसरे, चौथरा दिसता ठेवावा: दारावर ठळक खूण, खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी.

आपल्या न्यासाने आजवर शिक्षणाला व औषधोपचाराला हात दिला. यापुढे आठवड्यातून दोन दुपारी अशा वृद्धांसाठी बैठकीची खोली उघडी ठेवावी, म्हणजे त्यांना सोबत मिळेल आणि घरच्या सुनेला वा लेकीला दोन घटका विसावा मिळेल, अशी माझी नम्र सूचना आहे.

या शोधात असंख्य मुक्या जीवांनी प्राण वेचले आहेत. त्यांना विनाकारण यातना होऊ नयेत म्हणून आपल्या देशाने 1960 साली कायदा केला, तो योग्यच आहे. परंतु त्यांचे खरे ऋण फेडावयाचे, तर त्यांनी शिकविलेले आपण आचरणात आणले पाहिजे. विद्येच्या देवतेपाशी आपल्या पूर्वजांनी उंदराला जागा दिलीच आहे. वाट चुकलेल्या वडिलांना आपण आपल्या घरात तशीच मानाची जागा द्यावी.