हुद्दा मोठा झाला, पण काम?



आपल्या गावातील एका आईने मध्यंतरी घरोघर पेढे वाटले. तिचा मुलगा एका कारखान्यात फिटर. तो सुपरवायझर झाला होता. आम्हीही पेढा खाल्ला आणि शाबासकी दिली. पण "हुकमाचा कागद दाखव रे," असे काही म्हणालो नाही. जन्मभर मुलांना वाचायला शिकवले आणि वाचायची वेळ आली तेव्हा पेढा खाऊन मोकळे झालो. ही आमची चूक.

महिन्याभराने मुलगा आमच्या ओट्यावर येऊन बसला.

"गुरुजी, पगार हजाराने वाढला. पण जादा तासांचे पैसे बंद झाले. हातात पहिल्यापेक्षा कमीच पडतात. विचारलं तर म्हणतात, तू आता कामगार नाहीस."

आम्ही विचारले, "तुझ्या हाताखाली माणसं किती?"

"एकही नाही."

"कोणाची रजा मंजूर करतोस?"

"माझीच दुसरा करतो."

"मग दिवसभर करतोस काय?"

"तेच. पाना घ्यायचा अन् मशीन दुरुस्त करायचं."

मंडळी, इथे नीट लक्ष द्या. हुद्द्याचे नाव बदलते ते तीन तऱ्हांनी.

पहिली तऱ्हा, नुसते नाव बदलते. 2024 साली आपल्या राज्यात तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी हे नाव मिळाले. सातबाऱ्याचे काम त्याच्याकडेच राहिले.

दुसरी तऱ्हा, दोन हुद्दे एक होतात. त्याच साली ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी या दोहोंचे मिळून ग्रामपंचायत अधिकारी हे एक पद करण्याचे ठरले. अशा वेळी पगार, ज्येष्ठता आणि बढती यांचा हिशेब नीट पाहावा लागतो.

तिसरी तऱ्हा वाईट. नाव मोठे, काम तेच आणि हक्क कमी.

या मुलाचा पगार 17,600 रुपये होता. तो 18,600 झाला. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. देखरेखीचे काम करणारा आणि महिना 18,000 रुपयांहून जास्त वेतन घेणारा माणूस या कायद्याने कामगार धरला जात नाही. गोम कळली ना? पण दोन्ही गोष्टी हव्यात. रक्कम हवी आणि देखरेखही हवी. नुसती पाटी लावून देखरेख होत नाही. न्यायालयेही पूर्वीपासून हेच पाहत आली आहेत. नावाला महत्त्व नाही, माणसाचे मुख्य काम कोणते त्याला महत्त्व.

आणखी एक गोष्ट. कामगारांची श्रेणीवारी बदलायची असेल, तर काही ठरावीक प्रसंग सोडून मालकाला आधी नोटीस द्यावी लागते. नोटीस दिल्यावर 21 दिवसांच्या आत तो बदल करता येत नाही.

मग मुलाने काय केले? भांडण केले नाही. एक वही घेतली. रोज रात्री तारीख घालून लिहिले: आज कोणते काम केले, किती तास केले, कोणी सांगितले. असे महिनाभर केले. जुन्या नव्या पगाराच्या पावत्या जोडल्या. अर्ज लिहिला. एक प्रत कचेरीत दिली, दुसरीवर पोहोच घेतली. युनियनच्या माणसालाही सोबत नेले.

दोन महिने हेलपाटे घातले. शेवटी जादा तासांचे पैसे पुन्हा सुरू झाले, मागचेही मिळाले. सुपरवायझर हे नाव मात्र गेले. तो पुन्हा फिटर झाला. आईला थोडे वाईट वाटले. गावाला काय सांगू, म्हणाली. आम्ही म्हणालो, "बाई, सांगा की पोराने आपला हक्क वाचून घेतला."

तुमच्यापैकी कोणी साखर कारखान्यात, कोणी जिनिंगमध्ये, कोणाची मुले शहरात कामाला. नवा हुकूम हाती आला की चार गोष्टी पाहा. काम काय लिहिले आहे? पगार किती? जादा तासांचे काय? जुनी नोकरी धरली आहे की आजपासून नवी? समजले नाही तर सही करू नका. "वाचून उद्या देतो," असे सांगा. त्यात लाज कसली?

आता तुम्हाला वाचता येते. पेढे जरूर वाटा. पण कागद आधी वाचा.